सामूहिक संकेतस्थळावरील उत्पात कसा हाताळावा: नौपाड्याच्या प्रश्नकर्त्यास उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर ती तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही आणि तुमचे सहकारी ठाणे शहराविषयी एक संकेतस्थळ चालवता. तलाव, जुने वाडे, गावठाणे, शाळा, रस्त्यांची नावे यांची माहिती तेथे कोणालाही, नावनोंदणी न करता, लिहिता आणि दुरुस्त करता येते. स्थळ मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्याच सॉफ्टवेअरवर, चालते, पाने काहीशे आहेत आणि नियमाने लिहिणारे सात-आठ जण आहेत. गेल्या काही आठवड्यांत मासुंदा तलावाचे पान दोनदा कोरे करण्यात आले. एका निवृत्त शिक्षकांच्या पानावर शिवीगाळ आणि त्यांचा मोबाइल क्रमांक टाकण्यात आला. आणि निरनिराळ्या पानांवरच्या तारखा व आकडे कोणीतरी बदलून ठेवल्याचे उशिरा लक्षात आले. नोंदणी सक्तीची करावी का, आयपी पत्ता (इंटरनेटच्या जोडणीला मिळणारा क्रमांक) सतत बदलणाऱ्याला अडवावे कसे आणि पोलिसांकडे जावे का, असे तुम्ही विचारले आहे. हे सारे रागावून बाहेर पडलेल्या एका जुन्या सहकाऱ्याचे काम असावे, असा संशयही तुम्ही व्यक्त केला आहे.

मी नेरूळला राहतो. मराठी विकिपीडियावर अलीकडील बदलांची गस्त घालणे, म्हणजे नवी संपादने तपासत राहणे, आणि काही लहान मीडियाविकी स्थळांची तांत्रिक देखभाल करणे ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवावरून लिहितो. मात्र तुमच्याकडे रोज किती संपादने होतात, रात्री कोणी लक्ष ठेवायला असते का आणि तुमची मीडियाविकी किती जुनी आहे, यांवर पुढच्या बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत.

तुम्ही तीन वेगळ्या घटना एका दमात सांगितल्या आहेत आणि त्यांच्यामागे एकच माणूस आहे असे धरून चालला आहात. माझा पहिला मतभेद येथे आहे. पान कोरे करणारा बहुधा कंटाळलेला असतो. खासगी क्रमांक टाकणाऱ्याचा कोणावर तरी राग असतो. आणि तारखा बदलणाऱ्यांत खोडसाळ माणसाइतकाच प्रामाणिकपणे दुरुस्ती करणारा माणूसही असू शकतो. या तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. एका माणसाला शोधून काढले की प्रश्न सुटेल या आशेवर राहिलात, तर सगळा वेळ त्या शोधात जाईल आणि पाने तशीच राहतील. तुमच्यासारख्या लहान गटापुढचा खरा प्रश्न मला असा दिसतो: बिघडवायला जेवढे श्रम लागतात त्याहून कमी श्रमांत दुरुस्ती कशी व्हावी, आणि जो बिघाड डोळ्यांत भरत नाही तो कोणाच्या तरी डोळ्यांपुढे कसा यावा. कुलपांचा विचार त्यानंतर करावा.

कोऱ्या पानाचा विषय लवकर संपतो. मीडियाविकी प्रत्येक आवृत्ती जपून ठेवते, त्यामुळे पान कोरे दिसले तरी मजकूर कोठेही गेलेला नसतो. पान पूर्ण रिकामे केले किंवा नव्वद टक्क्यांहून अधिक मजकूर काढून टाकला, तर अलीकडच्या मीडियाविकीत त्या संपादनावर आपोआप खूण उमटते आणि अलीकडील बदलांच्या यादीत तेवढीच संपादने गाळून पाहता येतात. द्रुतमाघारीचा, म्हणजे एका टिचकीत संपादने मागे घेण्याचा, अधिकार तुमच्या सर्व नियमित सदस्यांना द्या. तो प्रचालकांपुरता, म्हणजे स्थळाचा कारभार पाहणाऱ्यांपुरता, राखून ठेवण्यात मला कधीच शहाणपण दिसलेले नाही. पान कोरे करायला एखाद्याला दहा सेकंद लागत असतील आणि तुम्हाला ते पूर्ववत करायला एक टिचकी पुरत असेल, तर तो फार दिवस टिकत नाही.

तरी द्रुतमाघारीत दोन खाचा आहेत. ही सोय पानावरील शेवटच्या संपादकाची सलग संपादने मागे घेते, त्याच्या आधीच्या संपादकाची घेत नाही. उत्पात करणाऱ्याने पहिले संपादन एका पत्त्यावरून आणि दुसरे दुसऱ्या पत्त्यावरून केले असेल, तर तुमची माघार त्याच्याच पहिल्या आवृत्तीवर येऊन थांबते, आणि यादीत मात्र पान दुरुस्त झाल्याचे दिसते. म्हणून माघार घेतल्यावर पानाचा इतिहास उघडून शेवटच्या खात्रीच्या आवृत्तीशी एकदा तुलना करावी. दुसरी खाच अधिक वाईट आहे. कोणीतरी परिच्छेदाचा अर्धा भाग पुसतो; मग एखादा सज्जन सदस्य येतो, त्याला तुटलेले वाक्य दिसते आणि तो ते नीटनेटके करून जातो. आता शेवटचे संपादन त्या सज्जनाचे आहे, पान वाचायला सुबक दिसते आणि गेलेला मजकूर कोणाच्याही लक्षात येत नाही. माझ्या पाहण्यात लहान स्थळांवरचा कायमचा तोटा बहुतेक वेळा असाच झालेला आहे. वाक्य अर्धवट दिसले की ते दुरुस्त करण्याआधी इतिहास पाहण्याची सवय सर्वांना लावावी.

आता तारखा आणि आकडे. तुम्ही हा मुद्दा पत्रात शेवटी आणि एका ओळीत लिहिला आहे. मी तो पहिला घेतला असता. शिवी लिहिली तर पहिलाच वाचक ती पाहतो आणि कोणीतरी कळवतो. परंतु बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली, या वाक्यातील १८५३ चे कोणी १८५८ केले, तर ते वर्षभर तसेच राहू शकते. शाळेतील मुले ते प्रकल्पात उतरवून घेतात, एखादा वार्ताहर ते वापरतो, आणि पुढे तुमच्याच स्थळावर कोणीतरी त्या बातमीचा आधार देऊन चुकीचे साल पक्के करतो. मोठ्या प्रकल्पांनाही याचा फटका बसला आहे. २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर जॉन सिगेन्थॉलर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात त्यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडणारा धादांत खोटा मजकूर कोणीतरी घातला, आणि तो सुमारे चार महिने तसाच राहिला. त्या मजकुरात शिवी नव्हती, व्याकरण ठीक होते, म्हणूनच तो टिकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या विकिपीडियाने नोंदणी न केलेल्यांना नवी पाने तयार करण्यास बंदी घातली. जुनी पाने संपादित करण्याची मोकळीक मात्र ठेवली.

आकडा बदललेला दिसला की मी लगेच उलटवत नाही. आधी त्या सदस्याची किंवा पत्त्याची बाकीची संपादने पाहतो. एकाच बैठकीत पाच निरनिराळ्या पानांवर पाच आकडे बदलले असतील, कोठेही आधार दिला नसेल आणि विषयांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर ती खोडी समजायला हरकत नाही आणि पाचही संपादने एकदम मागे घ्यावीत. उलट एकाच पानावर एकच आकडा बदलला असेल, तर तो माणूस बरोबर असण्याची शक्यता खरोखर मोठी असते. ठाणे जिल्ह्याच्या पानावरून कोणी वसई, पालघर, जव्हार ही नावे काढून टाकली, तर यादीत ते लाल अक्षरांत, मजकूर उडवल्यासारखे दिसते. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्यात ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड आणि शहापूर असे सातच तालुके उरले. काढणाऱ्याने तुमचे जुने पान अद्ययावत केलेले असते. ठाणे शहराच्या लोकसंख्येचेही तसेच. २०११ च्या जनगणनेचे आधी प्रसिद्ध झालेले तात्पुरते आकडे आणि नंतरचे अंतिम आकडे वेगळे आहेत. दोन्ही अठरा लाखांच्या घरातले आणि दोन्ही सरकारी. दोन सदस्य ते आलटून पालटून बदलत राहिले, तर दोघांच्याही हातात कागद असतो आणि दोघेही एकमेकांना उत्पाती ठरवतात.

यावर मला एकच टिकाऊ उपाय माहीत आहे: प्रत्येक तारखेच्या आणि आकड्याच्या शेजारी तिचा आधार पानावरच असला पाहिजे. आधार नसलेल्या आकड्याचे रक्षण कोणालाच करता येत नाही, कारण आधीचा बरोबर की नंतरचा, हे गस्त घालणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. काहीशे पानांवर हे काम आठ माणसांना एका पावसाळ्यात पुरे करता येईल. सर्वांत अधिक वाचल्या जाणाऱ्या पानांपासून सुरुवात करा. स्थापनेची वर्षे, लोकसंख्या, अंतरे, क्षेत्रफळे यांसाठी एक साचा, म्हणजे माहिती भरण्याचा ठरावीक तक्ता, करून तो आधार मागेल अशी रचना केली, तर नव्या पानांवरही शिस्त राहते.

यासोबत अ‍ॅब्यूजफिल्टर हा मीडियाविकीचा विस्तार, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, बसवून घ्या. आकड्यांपुरते बदल करणारे, बदलाचा सारांश न लिहिलेले आणि अनोळखी पत्त्यावरून आलेले संपादन हेरून त्यावर खूण लावणारा नियम त्यात लिहिता येतो. संपादन अडवू नका, नुसती खूण लावा. रोज संध्याकाळी कोणीतरी तेवढी यादी पाहिली तरी पुरे. आपल्या लिपीमुळे येथे काही अडचणी येतात आणि इंग्रजीतील तयार नियम उचलून आणणारे हमखास त्यांत सापडतात. आकडे देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही रूपांत येतात, त्यामुळे नियमात दोन्ही लिहावे लागतात. जोडाक्षरांच्या मध्ये न दिसणारी जोडचिन्हे असू शकतात. ‘सुऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील अर्धा र संगणकात दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि नियम मात्र एकालाच पकडतो. शिव्यांच्या याद्या करताना तर फारच जपावे. ऱ्हस्व-दीर्घ बदलून किंवा रोमन अक्षरांत लिहून शिवी नियमातून निसटते, आणि त्याच वेळी एखाद्याचे निरपराध आडनाव किंवा गावाचे नाव पोटात तीच अक्षरे असल्यामुळे अडकते. ज्याचे आडनाव स्थळाने अश्लील ठरवून नाकारले, तो माणूस पुन्हा येत नाही. म्हणून कोणताही नवा नियम आधी काही आठवडे केवळ नोंद करण्यापुरता चालवावा, त्याने कोणाला पकडले ते वाचावे आणि मगच त्याला इशारा देण्याचा किंवा अडवण्याचा अधिकार द्यावा.

नवख्यांविषयी एक गोष्ट मराठी स्थळांवर विशेष सांगावी लागते. पानावर अचानक रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गोळा दिसतो आणि आपण तो कचरा समजून उडवतो. पुष्कळदा तो श्री-लिपी, कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला लेख असतो. कोणा ज्येष्ठ नागरिकाने आपल्या संगणकावर वर्षानुवर्षे जपलेली वाड्याची हकीकत कॉपी करून तुमच्या पानावर चिकटवलेली असते. त्यांच्या पडद्यावर ती शुद्ध मराठी होती, युनिकोड या आजच्या सार्वत्रिक पद्धतीत आल्यावर तिची अक्षरे राहिली नाहीत. तो मजकूर उलटवा, पण उत्पाताचा शिक्का मारून उलटवू नका. फॉन्ट परिवर्तक वापरून पाहा, आणि चर्चा पानावर दोन ओळी लिहा: आपला मजकूर मिळाला, तो युनिकोडमध्ये बदलून घालतो, पुढच्या वेळी असे करावे. जी माहिती तुम्हाला दुसरीकडे कोठेही मिळणार नाही, ती अशाच माणसांकडे असते. पान उघडून ‘अआइई’ किंवा स्वतःचे नाव टंकून पाहणाराही बहुधा खोडी करीत नसतो. आपण लिहिले तर खरोखर दिसते का, एवढेच तो पाहत असतो. त्याला धूळपाटीचा, म्हणजे सरावाच्या पानाचा, दुवा द्यावा आणि विषय सोडून द्यावा. ठोकळेबाज इशाऱ्याचा साचा मी पहिल्या संपादनाला कधीच लावत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लावतो, आणि तेव्हा मात्र पुढे काय होईल ते स्पष्ट लिहितो.

शिक्षकांच्या मोबाइल क्रमांकाचे प्रकरण या सर्वांहून निराळे आहे, आणि ते तुम्ही आजच हाती घ्यावे. तुम्ही ते संपादन उलटवले असेल. परंतु उलटवल्याने मजकूर पानावरून जातो, इतिहासातून जात नाही. जुनी आवृत्ती उघडणाऱ्या कोणालाही तो क्रमांक अजून दिसतो आहे. प्रचालकाने त्या आवृत्तीचा मजकूर इतिहासात लपवावा लागतो. मध्ये काही संपादने झाली असतील तर क्रमांक असलेली प्रत्येक आवृत्ती लपवावी, आणि कोणी संपादन सारांशात किंवा चर्चा पानावर तो क्रमांक उद्धृत केला असेल तर तेही. आवृत्ती लपवण्याचा अधिकार तुमच्या मांडणीत प्रचालकांना मिळालेला आहे का, हे आधी तपासा. अनेक लहान स्थळांवर तो कोणालाच दिलेला नसतो आणि हे गरजेच्या वेळीच कळते. त्यानंतर शोधयंत्रात ते पान शोधून जुना मजकूर दिसतो का ते पाहा, दिसत असेल तर तो काढण्याची विनंती करा, आणि त्या शिक्षकांना स्वतः फोन करून काय झाले व काय केले ते सांगा. हयात व्यक्तींच्या पानांना अर्धसंरक्षण (पान केवळ काहीशा जुन्या सदस्यांनाच बदलता येणे) कायम ठेवायला माझी हरकत नाही. ज्यांचे चरित्र आपण लिहितो ते रोज येऊन पान तपासत नसतात.

उतरवून घेतलेल्या प्रती कशा उलटतात याचे मोठे उदाहरण ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वांनी पाहिले. स्वयंसेवकांनी बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर न्यू यॉर्क शहराचे नाव बदलून कोणीतरी ज्यूद्वेषी शब्द टाकला होता. मूळ नकाशावर ती खोडी लवकर दुरुस्त झाली, पण तोपर्यंत माहिती उचलून नेणाऱ्या दुसऱ्या सेवेकडे ती पोचली होती आणि पुढे अनेक अ‍ॅपमध्ये त्याच नावाने शहर झळकले. तुमच्या पानांची चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतील किंवा एखाद्या स्मरणिकेसाठी त्यांतील मजकूर घेतला जात असेल, तर हीच काळजी तुम्हालाही लागू आहे. छापायला देण्याआधी पानाचा इतिहास पाहून विशिष्ट आवृत्तीचा दुवा द्यावा. चालू पान थेट उचलू देऊ नये.

वरचे उदाहरण तुमच्या पहिल्या प्रश्नाचेही अर्धे उत्तर आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर २००९ पासून निनावी संपादन बंद आहे, म्हणजे हा प्रकार नोंदणी केलेल्या खात्यावरून झाला होता. सोसायटीच्या फाटकावरील वहीत चोरही नाव लिहितोच, खोटे लिहितो इतकेच. तरीही नोंदणीसक्ती निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पोर्तुगीज विकिपीडियाने ऑक्टोबर २०२० पासून लेख संपादित करण्यासाठी नोंदणी सक्तीची केली आहे. मराठी विकिपीडियावर आणि बहुसंख्य विकिपीडियांवर निनावी संपादन अजून चालते. निर्णय तुमच्या मनुष्यबळावर ठरावा. रोज येणारी सगळी निनावी संपादने एक माणूस अर्ध्या तासात वाचू शकत असेल, तर दार उघडे ठेवा. वाचू शकत नसेल, तर काही आठवड्यांपुरती सक्ती करा, तारीख जाहीर करून करा आणि त्या तारखेला ती उठवा. तुमच्या स्थळासारख्या ठिकाणी खोपटच्या किंवा कळव्याच्या एखाद्या वाचकाला आपल्या आळीचे चुकलेले नाव एकदाच दुरुस्त करायचे असते. त्याच्यापुढे संकेतशब्द आणि ईमेल पडताळणी ठेवली की तो निघून जातो, आणि ज्याला खोडी करायची आहे तो मात्र तीन मिनिटे खर्च करायला तयार असतो.

मधला मार्ग बहुतेकांना पुरतो. जी पाने पुन्हा पुन्हा बिघडवली जातात तेवढ्यांना अर्धसंरक्षण द्यावे, म्हणजे ती काही दिवस जुन्या आणि काही संपादने केलेल्या सदस्यांनाच बदलता येतात. इंग्रजी विकिपीडियावर त्यासाठी चार दिवस आणि दहा संपादने अशी अट आहे. तुमच्यासाठीही तीच ठीक राहील. हयात व्यक्तींची पाने सोडून बाकीच्या संरक्षणाला मुदत घालावी. मुदत नसलेले संरक्षण कोणी काढत नाही, आणि मी अशी स्थळे पाहिली आहेत जेथे मुख्य पाने कधीकाळी बंद झाली आणि त्यांवरची माहिती तेथेच गोठली. यंत्राने टाकल्या जाणाऱ्या जाहिरातींच्या दुव्यांचा त्रास असेल, तर माणूस की यंत्र हे तपासणाऱ्या कन्फर्मएडिट या विस्तारातील प्रश्नोत्तरांचा प्रकार वापरा. ‘तलावपाळीच्या तलावाचे नाव काय?’ असा प्रश्न जगभर फिरणाऱ्या जाहिरातखोर यंत्रांच्या तयारीत नसतो. उत्तरात मासुंदा, मासुन्दा आणि रोमन लिपीतील रूप अशी सर्व लेखने चालतील असे करून ठेवा, आणि प्रश्न अधूनमधून बदलत राहा.

आयपी पत्त्यांविषयी. मोबाइल जाळ्यावर एकच जुन्या पद्धतीचा (आयपीव्ही४) पत्ता एकाच वेळी पुष्कळ ग्राहक वापरत असतात, त्यामुळे तो आठवडाभर बंद केला तर तुम्ही अनोळखी लोकांना शिक्षा करता आणि हवा तो माणूस फोनचे विमान मोड चालू-बंद करून नव्या पत्त्यावर परत येतो. नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही६ चा, लांबलचक पत्ता असेल तर नेमका पत्ता बंद करून काही होत नाही. त्याचा पहिला अर्धा भाग, म्हणजे चौसष्ट बिटांचा गट, बंद करावा, कारण साधारणपणे एका जोडणीला तो अख्खा गट मिळालेला असतो. त्याहून मोठे पट्टे बंद करण्याआधी, त्या पट्ट्यातून गेल्या महिन्यांत चांगली संपादने किती आली, ते पाहावे. मुदत तासांत ठेवावी. इंग्रजी विकिपीडियावर अनोळखी पत्त्याला पहिल्यांदा एकतीस तास बंद करण्याची रूढी आहे, आणि तिच्यामागचा विचार मला पटतो: चोवीस तास ठेवले तर शाळेतून किंवा कार्यालयातून त्याच वेळी बसणाऱ्यासाठी दार बरोबर उघडलेले असते. महाविद्यालयाच्या संगणककक्षाचा पत्ता असेल तर तासिका आठवड्यातून एकदाच असू शकते. अशा वेळी पत्ता बंद करण्याऐवजी तेथील शिक्षकांना कळवल्याचा परिणाम मी अधिक चांगला पाहिला आहे.

तुम्ही संशयित सहकाऱ्याविषयी जे लिहिले आहे, ते कृपया स्थळाच्या चर्चा पानांवर कोठेही लिहू नका. लेखनशैलीवरून माणूस ओळखणे फार फसवे असते. शिवाय खोडी करणाऱ्याला चर्चा हवीच असते. त्याच्या करामतींची यादी, त्याला दिलेले टोपणनाव, त्याच्यावर रंगलेला वाद हे सारे त्याच्या दृष्टीने बक्षीस आहे. संपादन उलटवावे, सारांशात ‘उत्पात काढला’ एवढेच लिहावे, गरज असेल तर पत्ता बंद करावा आणि पुढच्या कामाला लागावे.

मात्र ज्याच्याशी आपले मत जुळत नाही त्याला उत्पाती ठरवण्याचा मोह टाळावा लागतो, आणि स्थानिक इतिहासाच्या स्थळावर तो फार होतो. नवी मुंबई विमानतळाला कोणाचे नाव द्यावे यावरून २०२१ मध्ये आंदोलने झाली, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या परीने पाने बदलत होते. त्यांतील बहुतेकांचा पान बिघडवण्याचा हेतू नव्हता. अशा वेळी पान दोन दिवस सर्वांसाठी बंद करून चर्चा पानावर बोलावणे, आणि अधिकृत निर्णय झालेला नसेल तर दोन्ही मागण्यांची नोंद करणे, हाच मार्ग आहे. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवणाऱ्यावर कारवाई होते आणि उघड उत्पात काढणाऱ्याला त्यातून सूट मिळते. तुम्ही असा नियम केला तर ‘उघड’ म्हणजे काय ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक जण स्वतःला ती सूट घेईल.

गस्तीची पाळी ठरवा, एवढे सुचवून तो विषय आवरतो. आठांपैकी सात जणांनी एकेक वार घेतला आणि एक जण राखीव राहिला, तर आठवडा भरतो. प्रत्येकाने सकाळी एकदा आणि रात्री एकदा यादी चाळावी, पाहिलेल्या संपादनावर गस्तीची खूण करावी, म्हणजे दुसऱ्याला तेच पुन्हा वाचावे लागत नाही. आवृत्त्यांचा इतिहास म्हणजे बॅकअप असे समजू नका; डेटाबेस आणि चित्रांची फाइल यांची प्रत रोज दुसऱ्या जागी जायला हवी, कारण प्रचालकाचेच खाते कोणाच्या हाती लागले तर इतिहासही सुरक्षित नाही.

राहिला पोलिसांचा प्रश्न. मी वकील नाही, त्यामुळे येथे मला कामातून जेवढे समजले तेवढेच सांगतो. पान कोरे करण्यासाठी किंवा साल बदलण्यासाठी तक्रार करू नये असे माझे मत आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ आणि ६६ हे परवानगीवाचून संगणकातील माहिती बदलण्याविषयी आहेत, आणि तुम्ही तर कोणालाही बदल करण्याची परवानगी दिलेली आहे. आक्षेपार्ह मजकुरासाठी अनेक जण अजूनही ज्याचे नाव घेतात ते कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. शिक्षकांचे प्रकरण वेगळे आहे, पण तेथे त्रास त्यांना झाला आहे आणि तक्रार करायची की नाही हे त्यांनीच ठरवावे. त्यांनी ठरवले तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या सायबर विभागाकडे जाता येईल, आणि तुमचे काम त्यांना पुरावा व्यवस्थित देण्याचे असेल. लपवलेली आवृत्ती पूर्ण पुसू नका. प्रचालकाला दिसेल अशी राहू द्या. आधीची व नंतरची आवृत्ती शेजारी दाखवणाऱ्या तुलनेच्या पानाची प्रत पत्त्यासह जपून ठेवा. मीडियाविकी वेळ साठवते ती जागतिक प्रमाणवेळेनुसार, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. अर्जात कोणती वेळ लिहिली आहे हे स्पष्ट करा, नाहीतर भलत्याच ग्राहकाचे नाव निघू शकते. अलीकडील बदलांची यादी मूळ मांडणीत नव्वद दिवसांनंतर झडते, म्हणून सर्व्हरच्या नोंदी वेगळ्या उतरवून घ्या. आणि त्या नोंदींत येणाऱ्याच्या आयपी पत्त्याबरोबर त्याचा पोर्ट क्रमांकही (त्या पत्त्यावरची एकेक जोडणी वेगळी ओळखणारा आकडा) लिहिला जातो आहे का ते आज तपासा. मोबाइल जाळ्यावर एक पत्ता अनेकांचा असल्यामुळे पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ नसेल, तर सेवा पुरवणाऱ्या कंपनीला नेमका ग्राहक सांगता येत नाही, आणि बहुतेक सर्व्हरवर ही नोंद मागितल्याशिवाय होत नाही.